एक्क्याण्णवची टाळी

ग्रंथालयाच्या हॉलमध्ये ती शिरली ती केवळ पाऊस चुकवायला. छत्री होती हातात, पण तिच्या दोन काड्यांनी मान टाकलेली. शेवटच्या रांगेत बसून ओढणीचं टोक पिळलं, समोर बघितलं, तर स्टेजवर चार चांगली जाणती माणसं चक्क मूळ संख्यांचं गाणं गात होती!

बँडचं नाव ‘शेष शून्य’. गायला शाळेतले भौतिकशास्त्राचे सर, की-बोर्डवर दातांच्या डॉक्टरीणबाई, गिटारवर औषधांच्या दुकानाचा मालक आणि ड्रमवर एक लिफ्ट दुरुस्त करणारा. सर एकपासून आकडे सुरात म्हणत निघायचे. मूळ संख्या आली की ड्रमर काठी उंच करायचा आणि अख्खा हॉल एक टाळी द्यायचा. दोन... तीन... पाच... सात...

एक आणि स्वतः सोडून कुणालाच भाग न देणारे हे एकलकोंडे आकडे. तिला लहानपणापासून त्यांची माया. तीही वाजवायला लागली. हॉलमध्ये ओल्या कपड्यांचा वास होता, काचांवरून पाणी ओघळत होतं, आणि आकडे कसे सुरावर तरंगत येत होते...

एकोणनव्वदला टाळी पडली. मग एक्क्याण्णवला काठी वर गेली, सगळा हॉल वाजला – आणि तिचे हात हवेतच थांबले. तेरा सत्ते एक्क्याण्णव! ही कसली मूळ संख्या?

गाणं संपल्यावर ड्रमर थेट शेवटच्या रांगेत आला.

“टाळी का खाल्लीत?”

“कुठली?”

“एक्क्याण्णवची. आधीच्या चोवीस अगदी चोख दिल्यात.”

“तुम्ही ड्रम वाजवत होतात की माझे हात बघत होतात?”

“हातांना काम असलं की डोळे मोकळेच असतात,” तो म्हणाला आणि स्वतःच लाजला.

आता खरं सांगायचं, तर सांगणं हाच तिचा धंदा. पाठ्यपुस्तकांच्या कचेरीत ती गणिताच्या पुस्तकामागची उत्तरं तपासायची. घरी तिला ‘चिमटा’च म्हणत. मागे एकदा लग्न ठरत आलं होतं. मुलाने कौतुकाने स्वतः काढलेला घराचा नकाशा दाखवला आणि हिने दाखवून दिलं, की यातला जिना न्हाणीघराच्या भिंतीत जाऊन संपतो. जिना राहिला बाजूला, मुलगाच उतरून गेला. तेव्हापासून मावशीने बजावून ठेवलं होतं – “पुढचा आवडला ना, तर तोंडाला कुलूप!”

आणि हा पुढचा... भुवईवर घामाचा एक थेंब, नखांत ग्रीस.

“राहिली... लक्ष नव्हतं,” ती म्हणाली. धडधडीत खोटं. पण काय गोड लागलं जिभेला!

मग ती दर रविवारी तालमीला जायला लागली. सकाळी तालीम, नंतर तो तिला बस स्टॉपपर्यंत सोडायचा. तीन बस सोडून चौथीत बसायची ती. एकदा पाणी झाडत उभ्या असलेल्या झाडाखाली तो म्हणाला, “शाळेत गणितात दोनदा आपटलो मी. हे गाणं बांधलं तेव्हा वाटलं, चला... गणित शेवटी माझ्याशी बोललं.”

तिने ओठांवर आलेलं एक्क्याण्णव गिळलं. आणि सहाव्या रविवारी त्याने सांगितलं, “पुढच्या वेळी रेकॉर्डिंग!”

“एका टाळीने काय आभाळ कोसळतंय?” मावशी म्हणाली. “ऐकणारे काय मोजत बसणारेत?”

“मावशी, त्यांचे ऐकणारे मोजायलाच येतात गं! हसतील त्याला.”

“हसू देत. तू गमावू नकोस म्हणजे झालं.”

रेकॉर्डिंगच्या खोलीत भिंतींना जाड कापड होतं. सरांनी घसा साफ केला. ड्रमरने काचेतून तिच्याकडे बघून मान तिरकी केली – बघ हं, आता! आणि तिला राहवेना. तिने दार ढकललं.

“थांबा. एक्क्याण्णवला सातने भाग जातो.”

सरांचे ओठ हलले. मग त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. “मला वाटलं, तुम्ही तपासलं असेल.”

“अहो, मला वाटलं, सर आहेत म्हटल्यावर...”

ड्रमरने काठ्या हळूच खाली ठेवल्या. “पहिल्या दिवसापासून माहीत होतं?”

“हो.”

“मग गप्प का राहिलात?”

“तुम्ही निघून जाल म्हणून.”

“चूक माझी होती,” तो म्हणाला. “ती माझ्या हातात द्यायची होतीत.” आणि निघून गेला.

चार दिवस तिने उत्तरं तपासली. एकही चूक सापडली नाही, म्हणजे नक्कीच सुटल्या असणार. पाचव्या दिवशी दुपारी कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर तो उभा. कामाचे कपडे, धापा टाकत.

“लिफ्टने नाही आलात?”

“मी दुरुस्त करतो ना, म्हणून भरवसा नाही.”

ती हसली नाही. “त्या दिवशी निघून गेलात.”

“भागाकार करायला. खाली जिन्यात बसून केला... मग वर यायची लाज वाटली.” त्याने खिशातून हेडफोन काढला. एक टोक तिच्या कानात, एक स्वतःच्या. “काल केलं रेकॉर्डिंग. ऐका.”

जिन्याच्या खिडकीपाशी, अंगाला अंग लागेल न लागेल इतक्या अंतरावर दोघं उभे राहिले. आकडे चढत गेले. एकोणनव्वदला टाळी – आणि मग काहीच नाही. सरांचा आवाजही ओठात विरला.

“इथून थेट सत्त्याण्णव,” तो कुजबुजला. “मधले सात आकडे रिकामे. ती जागा मला सहन व्हायची नाही, म्हणून न तपासता ठोकून दिली होती. आता नुसतं गप्प राहायचं शिकलो. ऐका, किती छान...”

खरंच छान होतं. कुणाचा तरी श्वास, लांब कुठेतरी पावसाची सर.

“मला नाही जमायचं,” ती म्हणाली.

“काय?”

“गप्प राहायला. फार राहिले. मला तुम्ही आवडता. तुमची चूक सांगितली म्हणून तुम्ही जाणार असाल तर जा... पण मी सांगणार. दर वेळी सांगणार.”

कानातला हेडफोन काढून त्याने तिचा हात धरला. ग्रीस लागेल हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

“हे...” तो म्हणाला. “हे नीट तपासून घेतलंस?”

“दोनदा,” ती म्हणाली. “उत्तर तेच येतं.”