पाहुण्यांसाठी ओढा

ही गोष्ट दोन हजार एकेचाळीसच्या चैत्रातली. तेव्हा पाण्यावर संशोधन करणाऱ्यांना अजून स्वतःच्या पायांनी ओढ्यावर जावं लागे. डॉ. कुमुदिनी घारपुरे यांनी शेंडेवाडीच्या ओढ्यावर नोकरीची सगळी वर्षं काढली होती. गुडघे गेले, पण 'उगममापी' तयार झाला. पाणी ज्या खडकाला, मुळाला, साबणाला शिवून येतं त्याचा अंश बरोबर आणतं. तो वाचून हे यंत्र पाण्याचा सगळा प्रवास बोलून दाखवी.

त्या दिवशी विद्यापीठाची समिती ओढ्यावर आली. यंत्र पटलं नाही, तर कुमुदिनीबाईंचं संशोधन केंद्र बंद होणार होतं. समितीचे अध्यक्ष डॉ. रणदिवे बंधाऱ्यापाशी खुर्ची टाकून बसले. बाईंनी यंत्र बंधाऱ्याच्या डोहात सोडलं.

"कारखान्यात गाळलेलं पाणी," यंत्र म्हणालं. "प्लास्टिकचा जार. वाळ्याची जुडी."

"बाई, तुमच्या डोंगरात जार उगवतात वाटतं," रणदिवे म्हणाले.

बाईंनी यंत्र पुसून पुन्हा बुडवलं. पुन्हा जार, पुन्हा वाळा. रणदिव्यांनी पेनाचं टोपण काढलं.

मागे पदर सावरत उभ्या असलेल्या सरपंच हौसाताईंना राहवलं नाही. "थांबा साहेब, लिहू नका. यंत्र खरं बोलतंय. सकाळी आम्ही बायकांनी डोह उपसला आणि जार ओतले. वाळाही टाकला."

"अहो, का पण?" कुमुदिनीबाईंचा आवाज चिरकला.

"पाहुण्यांपुढं शेवाळलेलं पाणी ठेवायचं?"

"ते पिणार नव्हते, ताई. तपासणार होते."

"म्हणजे नीट निरखून बघणार. मग तर जास्तच चांगलं नको?"

"हे तुमचं आधीच ठरलेलं नाही कशावरून?" रणदिवे म्हणाले. "डोहाच्या वर मोजा."

समिती धोतरं-पँटी सावरत दगडांवरून वर गेली. बाईंनी वाहत्या धारेत यंत्र धरलं.

"काळा खडक. करवंदीची मुळं. विश्रामगृहाचं न्हाणीघर. केसांचा काळा रंग, आज सकाळचा."

विश्रामगृहात आदल्या रात्री समितीच उतरली होती. सगळ्यांनी आधी ओढ्याकडे पाहिलं, मग रणदिव्यांच्या कुळकुळीत डोक्याकडे. बाकीच्यांना टक्कल तरी होतं किंवा पिकलेले केस तरी.

"यंत्र अचूक आहे," रणदिवे म्हणाले आणि त्यांनी सही केली.

कुमुदिनीबाई पुढे केंद्राच्या संचालक झाल्या. गुडघे मात्र तसेच राहिले. रणदिवे निवृत्त झाले. पांढऱ्या केसांत ते फार छान दिसत. न्हाणीघराला शोषखड्डा झाला आणि ओढा खरंच निवळला.

उगममापी मात्र लहान होत होत बोटाएवढा झाला आणि घरोघरी पोचला. हौसाताईंच्या नातीला बघायला पाहुणे आले, तेव्हा त्या पाहुण्यांनी पाण्याच्या तांब्यात आधी तो बुडवला. ताईंनी तांब्या उचलून परत आत नेला. त्या रात्री त्यांनी कुमुदिनीबाईंना फोन केला.

"बाई, पाण्याला सगळं ठाऊक असतं, ते मी मानलं. पण आलेल्या पाहुण्यानं सगळं विचारावं का हो?"