छिद्रांवर थबकलेली धूळ

"बंद पडलं! परत बंद पडलं!" शुभंकर खुर्चीतून उडालाच. "बाराव्या मिनिटाला! कालच्यासारखंच!"

मराठी मंडळाच्या वाचनालयातला टीव्ही काळाठिक्कर झाला. उन्नतीच्या हातातला कंट्रोलर अजून वळणाकडे कललेला होता. रस्ता आणि गाडी मात्र कुठेच उरली नव्हती.

टीव्हीच्या डाव्या हाताला प्लेस्टेशन होतं. पांढरंशुभ्र, कॉलर ताठ केल्यासारखं. शुभंकरच्या मामानं मंडळाला दिलेलं. उजव्या हाताला एक्सबॉक्स. काळं, उभं, माथ्यावर गोल छिद्रांची जाळी. ते उन्नतीच्या अभिनवदादाचं. पुण्याला शिकायला जाताना तो म्हणाला होता, "उने, हे एकटीनं नको खेळू. मंडळात ठेव. सारे खेळतील."

पण मंडळाला एकच ठेवायचं होतं. आठवडाभर मुलांनी दोन्ही पारखायची आणि आज, रविवारी पाच वाजता, सचिव दयारामकाका निकाल देणार. प्लेस्टेशन हरलं तर शुभंकरच्या घरी परत जाणार होतं. एक्सबॉक्स हरलं तर थेट पावर हाउस बाजारातल्या जुन्या मालाच्या दुकानात! आईनं बजावलं होतं, "घरात परत आणायचं नाही."

"मान्य कर ना यार," शुभंकर म्हणाला. "गाडी वाळूवर गेली की माझ्या कंट्रोलरमध्ये बोटाले वाळूची थरथर लागते. अन तुझ्यात? पेन्सिल सेल! दादाजीच्या रेडिओसारखे!"

"अन तुझ्या मशीनीले गेम किती? तीन!" ऐश्वर्या उसळली. ती दोघांच्या मधल्या क्वार्टरमध्ये राहायची आणि भांडणातही बहुधा मधेच असायची. "दादाच्या जुन्या तीस डिस्क याच्यात चालतात. वीस पोरं काय तीनच गेम खेळतीन?"

"चालतात, पण बारा मिनिटं!"

उन्नतीनं यंत्र पुन्हा सुरू केल्यावर पडद्यावर तीच सूचना आली: पुरेशी हवा न मिळाल्यानं यंत्र बंद झालं. बुधवारीही हेच झालं, तेव्हा दयारामकाका हसले होते. "हवा नाही म्हणते! अख्खी खिडकी उघडून दे तिले!" तेव्हापासून यंत्र खिडकीशीच होतं. मंगळवारी तर ते तीन तास चाललं होतं. मंगळवार आणि बुधवार यांच्या मधे काय घडलं होतं?

मे महिन्यातली दुपार खिडकीत संथ उभी होती. कारखान्याकडून येणारी तांबूस धूळ उन्हाच्या तिरप्या पट्ट्यातून सावकाश उतरत होती. इथल्या प्रत्येक घरात ती अशीच यायची, न विचारता. म्हणून तर फ्रिजवर कव्हर, मिक्सरवर कव्हर, रिमोटलाही प्लास्टिकची पिशवी.

उन्नतीची नजर एक्सबॉक्सच्या माथ्यावर गेली. तिथंही धुळीचा पातळ थर होता. ती वाकली. आणखी वाकली.

"शुभंकर," ती हळूच म्हणाली, "छिद्रावर धूळ कशी काय राहून राहिली? खाली पडली पाहिजे ना?"

तिनं बोट फिरवलं. धुळीत एक रेघ उमटली, सरळ छिद्रांच्या वरून! जणू तिथं छिद्रं नव्हतीच. ऐश्वर्यानं नखानं कडा खरवडली. काचेसारखा पारदर्शक, जाळीच्या मापानं अचूक गोल कापलेला प्लास्टिकचा तुकडा वर आला. त्याखाली आणखी एक!

"कोणी तरी गडबड केली!" शुभंकर ओरडला. मग त्याचा चेहरा पडला. "ए, मी नाही हं! आईशप्पथ!"

"तू नाही," उन्नती म्हणाली. "हे पुस्तकाचं कव्हर आहे."

तिघांनी एकदम कपाटाकडे पाहिलं. मंडळाच्या प्रत्येक पुस्तकाला असंच कव्हर होतं, कडा तितक्याच काटेकोर. ती घालणारे हात एकाच माणसाचे होते. भय्याजींचे! आयुष्यभर लोखंडाच्या भट्टीवर काम करून निवृत्त झालेले भय्याजी आता वाचनालय सांभाळत होते. या क्षणी ते पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्रांच्या घड्या घालत होते.

"चल, विचारू, कावून केलं म्हणून!" ऐश्वर्या निघालीच.

"थांब!" उन्नतीनं तिचा हात धरला. "त्यांनी जीव लावून केलं आहे. चारचौघात सांगितलं, तर पोरं येता-जाता त्याइले 'कावून केलं?' विचारतीन. मी बोलते."

पाच वाजायला दहा मिनिटं कमी होती. दयारामकाका दारात चपला काढत होते. उन्नती भय्याजींसमोर जाऊन बसली.

"भय्याजी, भट्टीच्या वरून गॅस निघते ना? तो रस्ता बंद झाला तर?"

भय्याजींचे डोळे चमकले. "बापा रे! प्रेशर चढते ना पोरी! मग खालून हवेचा झोत लगेच बंद करा लागते, भट्टी थांबवा लागते. नाही तर..."

ते थांबले. हातातली घडी अर्धवट राहिली. दाराशी उभ्या शुभंकरच्या तळहातावर दोन गोल चकत्या होत्या.

"मी लावल्या त्या," भय्याजी सावकाश म्हणाले. "आत धूळ जाईल म्हणून. खिडकीत ठेवलं तर मी दुसरी लावली. त्या पांढऱ्याची छिद्रं मले दिसलीच नाही, नाही तर..."

"वाचलो!" शुभंकर पुटपुटला. मग दयारामकाकांकडे वळून तो मोठ्यानं म्हणाला, "काका, निकाल आता नका देऊ. माझं मशीन नाक उघडं ठेवून पळालं अन तिचं नाक दाबून. असं जिंकणं मले नको!"

निकाल सातपर्यंत लांबला. काळं यंत्र दोन तास चाललं, इतकं शांत की छताच्या पंख्याचाच आवाज मोठा वाटावा. शेवटी दयारामकाकांनी शुभंकरलाच विचारलं, "सांग, कोणतं ठेवायचं?"

शुभंकरनं आपल्या पांढऱ्या कंट्रोलरवरून अंगठा फिरवला. "हातात माझंच भारी आहे. एकट्याले तेच पाहिजे. पण इथं वीस पोरं आहेत, अन तीस डिस्क आहेत." त्यानं मान वर केली. "एक्सबॉक्स ठेवा."

उन्नतीनं त्याच्या पाठीत जोरात गुद्दा घातला.

"शाब्बास रे पोट्ट्या!" दयारामकाका म्हणाले. "मी त्या दिवशी हसलो, पण उठून पाहिलं नाही. तुम्ही पाहिलं."

भय्याजी उठून यंत्रापाशी गेले. उन्नतीच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. "तू मले चूक सांगितली नाही पोरी. मलेच सापडू दिली. इतकी समज आमच्या साहेबलोकाइलेही नव्हती."

मग त्यांनी दुसरा तळहात छिद्रांवर धरला आणि उबदार वारा लागताच, कित्येक वर्षांनी कामावर परतल्यासारखे, नुसते उभे राहिले.