तिसरी खुर्ची

रविवार, ५ फेब्रुवारी २०१२. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. तिसरी खुर्ची बसली नाही.

बसायला हवी होती. गाडीच्या मागच्या सीटची रुंदी एकशे अडतीस सेंटिमीटर. आमच्या तीन खुर्च्या शेजारी शेजारी ठेवल्या की एकशे चौतीस. चार सेंटिमीटर उरतात. मी वर्तमानपत्रात अकरा वर्षं उपसंपादक आहे. आकडा दोनदा तपासल्याशिवाय पान सोडत नाही. हे आकडे मी चारदा तपासले होते.

या खुर्च्या म्हणजे लहान मुलांना गाडीत पट्ट्यांनी बांधून बसवायच्या असतात त्या. माझी बायको चैताली आयटीत आहे. कंपनीने तिला दोन वर्षं अमेरिकेला पाठवलं होतं, तिथून येताना तिने त्या आणल्या. कल्याणी चार वर्षांची, सुगत आणि संघमित्रा ही जुळी चौदा महिन्यांची. खुर्च्यांना आधी मी हसलो होतो. मग नोव्हेंबरात स्वारगेटच्या चौकात भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला आणि सुगत चैतालीच्या मांडीवरून निसटून समोर आदळला. कपाळाला सहा टाके पडले. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ती एवढंच म्हणाली, "तिघं तीन खुर्च्यांत. नाहीतर कुठेच नाही."

तिची रजा पंधरा फेब्रुवारीला संपत होती. पाळणाघर कंपनीच्या आवारात, मांजरीतल्या आमच्या फ्लॅटपासून चौदा किलोमीटरवर. गाडी मिळाली नाही तर तिची नोकरी सुटणार होती. आणि आमच्या ऐपतीत बसणारी गाडी जुनीच असणार होती.

पाच आठवडे आम्ही दर रविवारी तीन खुर्च्या, तीन मुलं आणि एक मोजपट्टी घेऊन रिक्षाने हिंडत होतो. अकरा गाड्या पाहिल्या. कुठे बारा सेंटिमीटर कमी, कुठे मधला पट्टाच नाही. कसबा पेठेतल्या रावसाहेबांची गाडी त्यांच्या बोळात शिरत नसल्यामुळे नदीकाठी उभी असायची. मी मोजत असताना ते छत्रीला टेकून पाहत राहिले.

"आपल्याला मुलं बसवायची आहेत की बातमी द्यायची आहे?"

"बसवायची आहेत."

"आम्ही चार मुलं स्कूटरवर नेली. एकही पडलं नाही."

"पडलं असतं तर आपण सांगितलं असतंत?" चैतालीने विचारलं. ती गाडी मिळाली नाही.

बारावी गाडी संपतकडची. मांजरी रस्त्याला, उसाच्या फडाला लागून त्याचं पत्र्याचं शेड होतं. तो पूर्वी सहा आसनी रिक्षा चालवायचा. सहा आसनीत बारा माणसं बसवण्याचा त्याला बारा वर्षांचा अनुभव होता, असं तो स्वतःच सांगायचा. गाडी सात वर्षांची, रुंद, करड्या रंगाची. कागदपत्रं स्वच्छ. किंमत आमच्या आवाक्यातली, म्हणजे संशय यावा इतकी.

कल्याणीची खुर्ची डाव्या खिडकीशी लावली, सुगतची उजव्या. मधल्या जागेवर मोजपट्टी धरली: अट्ठेचाळीस. संघमित्राची खुर्ची चव्वेचाळीसची. ती जाईना.

अडत होती म्हणावं तर कशाला अडतेय ते दिसत नव्हतं. लोखंडाला लागल्यासारखी ती थांबत नव्हती. आधी थोडी आत जायची, मग जड व्हायची, मग थांबायची. क्रम बदलला. सुगतची शेवटी ठेवली, तर सुगतची अडली. कल्याणीची शेवटी ठेवली, तर कल्याणीची.

"दाबा की सायेब," संपत म्हणाला.

"दाबतोच आहे. तुम्ही या."

तो आला, दाबून पाहिलं आणि हात पुसत मागे गेला. चैतालीने त्या मोकळ्या जागेत हात घातला. हात सरळ तळाशी टेकला. तिने तो लगेच काढून घेतला.

"काय झालं?"

"गरम आहे."

"उन्हात उभी आहे गाडी."

"शेडमध्ये उभी आहे, बुद्धभूषण."

त्या आठवड्यात मी माझ्या पद्धतीने चौकशी केली. गाडीचा अपघात झालेला नव्हता. विम्याचा दावा नव्हता. आमच्या कात्रणांत आणि पोलिसांच्या नोंदींत त्या नंबरचा उल्लेख नव्हता. आधीचे मालक, श्यामसुंदर नावाचे गृहस्थ, फोनवर मोजकंच बोलले.

"मागची सीट फार वापरलेली नाही," ते म्हणाले.

"घरात माणसं किती?"

"आम्ही तिघं."

"मग तिसरं माणूस कुठे बसायचं?"

"ती रिक्षाने यायची. मागे जागा कुठे असायची?"

मी पुढचं विचारायच्या आत त्यांनी फोन ठेवला. नंतर तो लागला नाही.

चैतालीला मी हे सांगितलं नाही. पण तेरावी गाडी पाहायला ती तयार नव्हती. "आकडे बरोबर आहेत ना? मग बसलीच पाहिजे," ती म्हणाली. हे वाक्य माझंच होतं.

रविवार, बारा तारीख, सकाळी अकरा. पुन्हा संपतचं शेड. पुन्हा अट्ठेचाळीस. पुन्हा तिसरी खुर्ची अडली. सुगत रडत होता, संघमित्राने माझ्या खिशातलं पेन पळवलं होतं, आणि संपत विचारत होता, "सायेब, दोनच पोरं नेली तर न्हाय का चालणार?" तीन दिवसांवर पंधरा तारीख आली होती. माझा संयम संपला. कॉलेजात असताना हडपसरच्या सहा आसनीत रोज जे म्हणायचो, तेच माझ्या तोंडून निघालं, त्या रिकाम्या जागेकडे बघून.

"अहो, सरका की जरा!"

खुर्ची बसली.

आवाजही झाला नाही. पट्टा ओढला, बक्कल लागलं. दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर, अगदी आकड्यांप्रमाणे.

संपत मोठ्याने हसला. "आता ते सरकले, सायेब. पुढच्या टायमाला तुमी सरकायचं. आमच्या सहा आसनीत कायदाच व्हता तसा."

"ते कोण?"

"आवो, बोलायची रीत हाय," तो म्हणाला. पण हसायचा थांबला.

चौदा तारखेला गाडी घरी आली. पंधराला चैताली कामावर रुजू झाली. तिघं तीन खुर्च्यांत. पहिले सहा दिवस मी रोज सकाळी मोजत होतो. एकशे अडतीस, एकशे चौतीस, चार. सातव्या दिवशी मोजपट्टी घरी ठेवली.

बुधवारी, बावीस तारखेला, कल्याणीला बांधताना माझ्या लक्षात आलं की ती खुर्चीच्या मध्यावर बसत नाही. दाराला खेटून बसते.

"नीट बस."

"नीटच बसलेय. सरकून."

"कशाला सरकून?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाच रीत ठाऊक नाही. "आता आपली पाळी ना, बाबा?"

संपत ते बोलला, तेव्हा ती शेडच्या बाहेर चैतालीबरोबर ऊस खात होती. चैतालीला मी विचारलं. तिलाही ते ऐकू गेलं नव्हतं.

गुरुवारी कल्याणीचा पट्टा लागेना. मी तो एक घर सैल केला.

रात्री चैताली म्हणाली, "पुन्हा एकदा म्हणून बघ ना. सरका म्हणून."

"आणि सरकलं तर?"

ती जुळ्यांच्या पाळण्यांकडे बघत राहिली. मी संपतला फोन केला. गाडी परत घ्यायला तो तयार नाही. विकायची जाहिरात मी लिहिली आहे. रविवारच्या अंकात येईल.

आज शुक्रवार, चोवीस तारीख. सकाळी सात वाजता कल्याणीला घरातल्या वजनकाट्यावर उभं केलं. पंधरा किलो आठशे. महिन्यापूर्वी दवाखान्याच्या कार्डावरही तेवढंच.

आठ वाजून दहा मिनिटांनी तिला खुर्चीत बसवलं. ती आपणहून दाराकडे सरकली. उजवीकडची अर्धी खुर्ची रिकामी.

पट्टा शेवटच्या घरापर्यंत सैल केला. तेव्हा कुठे बक्कल लागलं.

रिकाम्या बाजूच्या पट्ट्याखाली बोट घालून पाहिलं. बोट जात नाही.