बंधुसंघाचा बंद फ्रीज

"डिस्क गेली. लगेच या," एवढंच बोलून अध्यक्षांनी फोन ठेवला.

संकलक बाईने तोंडावर पाणी मारलं आणि लॅपटॉप उचलून ती निघाली. फिल्म कापणं हा तिचा धंदा, म्हणून ओळखीतले सगळे तिला कात्रीच म्हणत. तिलाही ते नाव आवडायचं.

चर्चच्या मागच्या सभागृहात आज संध्याकाळी माहितीपट दाखवायचा होता. कॅथलिक बंधुसंघाची माणसं काय काय करतात ते त्यात होतं. व्हीलचेअरसाठी घरोघरी उतरण बांधतात, पोरांना गरम कोट वाटतात, एकट्या म्हाताऱ्यांना डबे पोचवतात. कात्रीने त्यात जीव ओतला होता. आणि घरची प्रत कालच उघडेनाशी झाली होती. "डिस्कही मरतात गं," तिचा नवरा म्हणाला होता. तो याच माहितीपटाचा ध्वनिमुद्रक. म्हणजे उरली होती ती सभागृहाच्या कपाटात ठेवलेली एकच प्रत, आणि आता तीही गेली.

सभागृहाच्या स्वयंपाकघरात अध्यक्ष येरझाऱ्या घालत होते. कोपऱ्यात स्टुलावर कोठीवाले काका बसले होते. संघाची कोठी आणि डबे हे म्हाताऱ्याचं सगळं आयुष्य. त्यांचा खांद्यावरचा संघाचा पट्टा समोर टेबलावर घडी करून ठेवला होता. बंधूवर आळ आला की तो धुऊन निघेपर्यंत पट्टा उतरवायचा, अशी संघाची रीत.

"संध्याकाळपर्यंत डिस्क मिळाली नाही, तर काकांना संघातून जावं लागेल," अध्यक्ष म्हणाले. "मला का हे आवडतंय? पण करू काय?"

खोलीत आंबूस वास येत होता. कात्रीने जुना फ्रीज उघडला. दूध नासलं होतं. एरवी हा फ्रीज असा घरघरायचा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. आज गप्प. वीज होती, नुसतं बटण बंद होतं.

"काका, कपाटाची किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे."

"काल संध्याकाळी कुठे होती?"

"कपाटालाच. डबे गाडीत चढवायला गेलो की ती तिथेच राहते. तुमच्या सिनेमात पण आहे ते. सगळ्यांना ठाऊक आहे."

खरं होतं. तो प्रसंग तिनेच जोडला होता.

"फ्रीज तुम्ही बंद केलात?"

"मी कशाला करू? दूध मीच आणतो."

"मग डिस्क कुणी घेतली असेल, काही अंदाज?"

काका भिंतीकडे बघत राहिले.

"बोलायचे नाहीत ते," अध्यक्ष वैतागून म्हणाले. "गेल्या बैठकीत हटून बसले, हा माहितीपट दाखवू नका म्हणून. का विचारलं तर मिठाची गुळणी."

काका कात्रीशी कधीच धड बोलले नव्हते. इतके महिने एकत्र काम, पण तिच्याशी सगळं तुटक तुटक, नजर दुसरीकडेच. माणूस तिरसट असेल, असं म्हणून तिने सोडून दिलं होतं.

पण तो फ्रीज तिच्या डोक्यातून जाईना. मुद्दाम फ्रीज कोण बंद करतं? ध्वनिमुद्रक करतात. माइकला ती घरघर खपत नाही. मग परत चालू करायचं विसरू नये म्हणून गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवतात. किल्लीशिवाय घरी जाणार कसे? तिच्या नवऱ्याला ही सवय लहानपणीच लागली होती. पोरगा टेपरेकॉर्डर घेऊन स्वयंपाकघरात बसायचा, एकदा फ्रीज बंदच राहिला आणि दूध नासलं, तेव्हापासून आई त्याच्या सायकलची किल्ली आत ठेवून घ्यायची. सासूबाई लग्नाआधीच वारल्या होत्या, पण हा किस्सा नवरा रंगवून सांगायचा.

तो बाहेर सभागृहात वायरी गुंडाळत होता.

"काल इथे आला होतास का रे?"

"छे. स्टुडिओत होतो. म्हाताऱ्यानेच केलंय, दिसतंय की. तू उगाच डोकं लावू नकोस."

तिला वाटलं, असेलही. आणि आपण भलतंसलतं मनात आणतोय याची तिला लाजही वाटली.

तरी ती लॅपटॉप उघडून मागच्या बाकावर बसली. माहितीपट गेला होता, पण चित्रणाचा कच्चा आवाज तिच्याकडे शिल्लक होता. तिने एका आजींच्या घरचा आवाज लावला. काका दर आठवड्याला त्यांना डबे देत. "मला कोणी नाही. संघाचा डबा येतो, म्हणून मी आहे," हे त्यांचं वाक्य कात्रीने अगदी शेवटी ठेवलं होतं. कापताना ती स्वतः रडली होती. आज अध्यक्षांनी त्या आजींना आग्रहाने पाहुण्या म्हणून बोलावलं होतं.

कॅमेरा सुरू होण्याआधीचा आवाज तिने तेव्हा टाकाऊ म्हणून नीट ऐकलाच नव्हता. तो आता ऐकला. पुन्हा ऐकला. मग तिने कानांवरचा हेडफोन काढून ठेवला.

थोड्या वेळाने तिने सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं.

"फ्रीज चोरानेच बंद केला," ती म्हणाली. "काका परत येतायत का, ते त्याला पावलांवरून कळायला हवं होतं. दुसरा कुणी असता तर दारातून डोकावला असता. याने कानांवर भरवसा ठेवला. आणि जाताना फ्रीज चालू करायला विसरला, कारण चोरी करताना गाडीची किल्ली आत ठेवून चालत नाही, कधीही निघावं लागतं."

नवरा हसला. "एवढ्यावरून मला चोर ठरवतेस?"

"घरच्या प्रतीला हात लावणारे आपण दोघंच. मी लावला नाही."

"अगं, माझंही काम आहे त्यात. मी का चोरीन?"

तिने लॅपटॉपचं बटण दाबलं. फ्रीजची घरघर, पावलं, खट्, शांतता. मग आजींचा आवाज: "आण ती किल्ली. आत ठेवते. विसरशील नाहीतर." आणि त्यावर नवऱ्याचा: "थँक्यू, आजी."

"ज्या बाईच्या घरी तू पहिल्यांदाच गेलास, तिला तुझ्या किल्लीचं कुणी सांगितलं?"

त्याने आपली बॅग जवळ ओढली.

"तुझी आई 'मला कोणी नाही' म्हणत होती आणि तू तिच्या तोंडापुढे माइक धरून उभा होतास. आज त्या माझ्या शेजारी बसल्या असत्या, दोन शब्द बोलल्या असत्या, म्हणून कार्यक्रमच होऊ द्यायचा नव्हता ना? आणि काकांवर आळ आला, तर तू वायरी गुंडाळत राहिलास."

नवऱ्याने खाली बघत आपल्या बॅगेतून डिस्क काढली आणि टेबलावर ठेवली.

"आई लोकांकडे भांडी घासायची," तो म्हणाला. "तुझ्या घरच्यांना काय सांगणार होतो? एकदा खोटं बोललो, मग परत फिरताच आलं नाही."

अध्यक्षांनी पट्टा उचलून काकांच्या खांद्यावर घातला. "माफ करा, काका. पण तुम्ही बोलला का नाहीत?"

"आजींना शब्द दिला होता. पोराचं नाव निघू द्यायचं नाही म्हणून."

मग काकांनी पहिल्यांदाच कात्रीकडे सरळ पाहिलं.

"पण तुम्ही हे सगळं आत्ता कळल्यासारखं काय बोलताय?"

"आत्ताच कळलं, काका."

"असं कसं? म्हातारी घरात आली तर मी घर सोडीन, असं तुम्हीच म्हणाला होतात ना? मुलगा सांगून गेलाय त्यांना. सूनबाईला त्रास नको म्हणून त्या तुमच्या रस्त्यानेसुद्धा जात नाहीत."

कात्रीने नवऱ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ती या माणसाच्या आईच्या नावाने मेणबत्ती लावत आली होती. आणि तिकडे ती आई तिला घाबरून रस्ता बदलत होती.

"आजींचा आजचा डबा गेला का?" तिने काकांना विचारलं.

"नाही अजून."

"चला. मी येते तुमच्याबरोबर."

"मीही येतो," नवरा उठत म्हणाला.

"नको," ती म्हणाली. "मी तसं कधीच म्हणाले नव्हते, एवढं तरी मला त्यांना सांगू दे. तू मध्ये असलास तर त्यांना माझं खरं वाटायचं नाही."