वाकडं वर्तुळ

फ्रेमवाल्याला काय काय मिळणार होतं, ते आधी पाहू. नव्या युद्धस्मारकाच्या दालनात, दारातून शिरताच दिसेल अशी एक काचेची पेटी. पेटी तोच बनवत होता, म्हणजे ती मिळाल्यातच जमा. पेटीत लढाऊ विमानाची प्रतिकृती, तिच्याखाली तीन बोटं रुंद पितळी पट्टी, पट्टीवर बनवणाऱ्याचं नाव. शिवाय ज्यांनी ते विमान खरोखर उडवलं, ते म्हातारे वैमानिक साहेब उद्घाटनाला येऊन सगळ्यांदेखत हात हातात घेणार.

आणि जाणार काय? एका म्हाताऱ्याचं डोकं. तेही दुसऱ्याचं. सौदा त्याला बरा वाटला.

ते डोकं आजोबांचं. आजोबा त्याच विमानावर मेकॅनिक होते. आठ महिने खपून त्यांनी हातभर लांबीचं विमान तयार केलं होतं आणि स्मारकाच्या सेक्रेटरींनी पेटीतली जागा त्यांनाच द्यायचं कबूल केलं होतं. फ्रेमवाल्याचंही तसलंच विमान तयार होत होतं, पण ते अर्धवट आणि दुसऱ्या नंबरावर.

सुट्टीला आलेली तीन नातवंडं शेवटच्या कामाला लागली होती. तेरा वर्षांची ताई. तिचा धाकटा भाऊ पिंजरा. दातांना तारा बसल्यापासून त्याचं खरं नाव सगळे विसरले होते. आणि मावसबहीण शेंडेफळ, वय दहा, जीभ चाळिशीची.

काम होतं विमानाच्या अंगावर चिन्हं बसवायचं: आकडे, पट्टे, हवाई दलाचं तिरंगी वर्तुळ. छापील चिन्हाचा तुकडा कोमट पाण्यात वीस सेकंद बुडवायचा, मग ओल्या ब्रशने कागदावरून अलगद सरकवत विमानावर न्यायचा, खालचं पाणी कापसाने टिपायचं. श्वाससुद्धा बाजूला तोंड करून घ्यायचा.

फ्रेमवाला सोमवारी डोकावला. आधी त्याने भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलं. कुणाच्याही घरी गेला की तो हे करायचाच. वाकडी चौकट त्याला बघवायचीच नाही. मग तो विमानावर वाकला.

"डाव्या अंगाचं वर्तुळ वाकडं बसलंय हो. हात थरथरतो आता तुमचा."

आजोबांनी पुढचं चिन्ह पाण्यात बुडवलं. तो गेल्यावर म्हणाले, "खऱ्या विमानावरही वाकडंच होतं ते."

"का?" शेंडेफळने विचारलं.

"एकदा विमान लढून परत आलं, तर डाव्या अंगाला, मागच्या सीटखाली मुठीएवढं भोक. त्या सीटवर माझा मित्र बसायचा. त्याला मी बाहेर ओढून काढला तेव्हा माझे बूट आतून भिजले. रक्ताने. आणि अर्ध्या तासात विमान पुन्हा वर जायचं होतं. भोकावर पत्र्याचं ठिगळ ठोकलं, वर्तुळ हाताने रंगवलं. दोन बोटं सरकलं."

"मग नंतर सरळ नाही केलंत?"

"वैमानिक करू देईना. म्हणाला, राहू दे, तो बसायचा ती जागा कळते."

म्हणून या विमानालाही आजोबांनी तिथेच सुईने भोक पाडलं होतं. त्यावर औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पन्नी तांदळाएवढी कापून चिकटवली होती, वर रंग, रंगावर वाकडं वर्तुळ.

बुधवारी दुपारी मुलं पोहून परतली, तर आजोबा टेबलाशेजारी पालथे पडले होते. डोकं मागून फुटलं होतं. रक्त मानेवरून वाहत जाऊन फरशीच्या फटींत शिरलं होतं. शेजारी विमानाचा चुरा. पंख मोडलेले, चाकं भिंतीपाशी उडालेली.

दवाखान्यात नऊ टाके पडले. आजोबांना मारणारा दिसलाच नव्हता. हवालदारांनी दारातूनच पाहून निकाल दिला, "चक्कर आली, टेबलाचा कोपरा लागला, विमान अंगाखाली आलं."

"माणूस तोंडावर पडला तर कोपरा मागून कसा लागेल?" ताई म्हणाली.

"तू पोलीस का मी?"

सेक्रेटरींनी हळहळ व्यक्त केली आणि तेवढ्याच श्वासात म्हणाले, "नशीब, फ्रेमवाल्याचं तसलंच विमान आहे. शनिवारपर्यंत पुरं करतो म्हणालाय."

संध्याकाळी मुलं चुरा ताटात घेऊन बसली. आजोबा घरी आले की निदान जोडून तरी दाखवू, म्हणून. शेंडेफळने चिमट्याने डाव्या अंगाचे तुकडे जुळवले आणि ती गप्प झाली. ती गप्प झाली म्हणजे काहीतरी घडलंच.

"वर्तुळ जुळलं," ती म्हणाली. "पण सरळ जुळलं. पन्नी नाही. भोकपण नाही."

"म्हणजे हे आजोबांचं नाहीच," ताई म्हणाली. "फ्रेमवाल्याने स्वतःचं अर्धवट विमान इथे बुटाखाली चिरडलं आणि आपलं उचलून नेलं."

पिंजरा हवालदारांकडे पळाला आणि चालत परत आला. "ते म्हणाले, वाकडं होतं ते सरळ झालं, मग तक्रार कसली?"

शनिवारी सकाळी, उद्घाटनाला तास असताना, तिघं चिमटा, ब्रश आणि डबीत ओला कापूस घेऊन दालनात शिरली. विमान पेटीच्या तळफळीवर होतं. वरची काच भिंतीला टेकवून ठेवलेली. फ्रेमवाला छोट्या हातोडीने पितळी पट्टी ठोकत होता. शेंडेफळ लांबूनच वाकली. डाव्या अंगावर सरळसोट वर्तुळ, आणि त्याच्या कडेला तांदळाएवढा उंचवटा.

"त्याने आपलं वर्तुळ काढून नवं बसवलंय," ती कुजबुजली. "वाकडं बघवलं नसणार."

ताईच्या डोक्यात दिवा लागला तो इथेच. समोरच्या भिंतीवर जुन्या विमानांचे चौदा फोटो होते. तिने जाता जाता प्रत्येक चौकटीला एका बोटाचा धक्का दिला.

"काका, ते फोटो तुम्हीच लावलेत ना? जरा कलल्यासारखे वाटतात."

फ्रेमवाल्याने मान वळवली. त्याचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्याच्या ताटात माती कालवली. हातोडी हातात तशीच घेऊन तो निघाला. एकेका फोटोला वीसेक सेकंद. सरळ करायचा, मागे सरकायचं, डोळा बारीक करायचा, पुन्हा हात लावायचा. शेंडेफळने ओला कापूस वर्तुळावर दाबून धरला. त्यावर वार्निश मारायचं राहिलं होतं, म्हणजे पाण्याने ते सुटणार होतं. बाराव्या फोटोला वर्तुळ हललं. तिने ब्रशने ते बाजूला सरकवलं, पन्नीचं टोक चिमट्याने उचललं. खाली सुईचं भोक.

फ्रेमवाला वळला.

"ए कार्टे!"

तो धावत आला. ताई आडवी आली, तिचे केस मुठीत धरून त्याने तिला भिंतीवर आपटलं. हातोडी शेंडेफळच्या दिशेने उचलली, तेव्हा पिंजऱ्याने त्याच्या मनगटात सगळे दात रुतवले, तारांसकट. फ्रेमवाला ओरडला. त्याने पिंजऱ्याच्या तोंडावर ठोसे घातले, एक, दोन, तीन. एक दात निघाला, बाकीचे सुटले नाहीत. दोघं हेलपाटत भिंतीशी टेकवलेल्या काचेवर गेले. काच फुटली, हातोडी पडली, फ्रेमवाल्याच्या उजव्या पंजातून रक्ताची धार लागली. शेंडेफळ विमानावर पाखरासारखी पसरली होती.

"हात खाली," दारातून कुणी म्हणालं.

काठी टेकत वैमानिक साहेब आत आले. मागे तोंड वासलेले सेक्रेटरी आणि हवालदार. फ्रेमवाल्याने तरीही हातोडीकडे हात नेला. साहेबांनी काठी त्याच्या कोपरावर अशी हाणली की आवाज सगळ्यांनी ऐकला.

"या पोरांनी माझं विमान..." तो कण्हत म्हणाला.

साहेब विमानाच्या डाव्या अंगावर वाकले. "तुझं? मग हे ठिगळ कशासाठी?"

"डिंकाचा थेंब असेल."

"आणि त्याखालचं भोक?"

फ्रेमवाल्याने रक्ताळलेला पंजा शर्टात गुंडाळला.

शेंडेफळ म्हणाली, "मागे बसायचे त्यांना तिथे गोळी लागली. आमच्या आजोबांनी पत्रा ठोकला. आणि वर्तुळ वाकडं झालं. तुम्हीच सरळ करू दिलं नाहीत."

साहेबांनी तिच्यासमोर खुर्ची सरकवली. वर्तुळ अजून ओलं होतं. तिने पन्नी दाबून बसवली, ब्रश भिजवला आणि वर्तुळ वाकडं केलं. पाहुणे दाराबाहेर उभे राहिले. उद्घाटन खोळंबलं.

आजोबांना चाकांच्या खुर्चीतून आणलं, तेव्हा त्यांनी आधी पंखाखालून बोट फिरवलं. "रंग कुठे खरवडला नाही," ते म्हणाले. या घरात याहून मोठी शाबासकी नसते.

आता कुणी काय किंमत मोजली ते. फ्रेमवाल्याची दोन बोटं पुन्हा वाकली नाहीत. तुरुंगातल्या त्याच्या कोठडीची खिडकी थोडी तिरकी आहे म्हणतात. सेक्रेटरींनी पाहुण्यांदेखत स्वतः काचा झाडल्या. हवालदारांना मुलांचा जबाब पाच पानं लिहावा लागला, आणि शेंडेफळने तो दोनदा दुरुस्त करायला लावला. ताईचे मूठभर केस गेले. पिंजऱ्याचा एक दात आणि दोन तारा. आजोबांचे नऊ टाके आणि डाव्या कानाचं ऐकू येणं.

पितळी पट्टीवर आजोबांनी स्वतःचं नाव घालू दिलं नाही. मित्राचं घातलं. त्याने या सगळ्यांच्या कितीतरी आधी किंमत मोजली होती, आणि तेव्हा तो बावीस वर्षांचा होता.