डाव्या बाजूची सीट

रुद्रप्पामामांना या सौद्यात काय मिळणार होतं ते आधी सांगतो. भुताचं मागाहून.

घरचा, हक्काचा, ‘हो’ म्हणणारा एक ड्रायव्हर. एवढंच मिळणार होतं.

ही घटना खरी आहे. बनवून सांगायची असती तर मी तिच्यात आमच्या घरच्या माणसांना इतकं हलकं दाखवलं नसतं. निंगप्पाकाका माझे सख्खे चुलते, आणि हे घडलं ते त्यांच्याच बाबतीत. त्यांच्या तोंडून मी हे तीनदा ऐकलं. तिन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही.

साल एकोणीसशे चौतीस. महिना वैशाख. जागा, सोलापूरहून अक्कलकोटला जाणारा रस्ता. वळसंगच्या अलीकडचा ओढा.

आणि वेळ रात्रीची नव्हती.

भर दुपारचे बारा...

वडील वारल्यावर निंगप्पा या रुद्रप्पामामांकडं राहायला आला, तेव्हा सोळा वर्षांचा होता. शुक्रवार पेठेत मामांचं कापडाचं दुकान. माल घेऊन आठवड्यातून दोनदा अक्कलकोटची खेप व्हायची. त्यासाठी कापडी टपाची एक जुनी शेवरलेट होती, आणि ती चालवायला नबीसाब.

नबीसाब साठीचे. आधी टांगा हाकायचे. घोडा मेला तेव्हा मोटार शिकले. पण गाडी थांबवताना तोंडातून अजूनही ‘हो, हो, बेटा’ निघायचंच.

एक दिवस मामांनी त्यांना दुकानात बोलावलं.

"नबीसाब, आमच्या पोराला गाडी शिकवा की."

नबीसाब काही दूधखुळे नव्हते. पोरगा शिकला की आपलं काम संपलं, हे त्यांना कळत होतं.

"शिकवतो मालक. मग मी कुठं बसू?"

"कुठं म्हंजे? पोराच्या शेजारी! डाव्या बाजूची सीट तुमची. मरेपर्यंत तुमची. ह्या रुद्रप्पाचा शब्द हाय."

शब्द द्यायला मामा कधी मागंपुढं बघत नसत. कापड मोजताना मात्र त्यांचा हात आखडायचा.

शिकवणी सुरू झाली.

सकाळी, गावाबाहेरच्या माळावर. उजवीकडं निंगप्पा, डावीकडं नबीसाब. नबीसाबच्या बोटात चांदीची अंगठी होती, अकीकचा खडा बसवलेली. गिअर बदलायची वेळ आली की तो खडा निंगप्पाच्या डाव्या गुडघ्याच्या वाटीवर बसायचा.

टक.

क्लच दाब. गिअर मधे आण. क्लच सोड.

टक.

पुन्हा दाब. आता टाक गिअर.

त्या काळच्या गाड्यांना क्लच असा दोनदा दाबावा लागे. जरा चुकलं की गाडीच्या पोटातून असा आवाज निघायचा, की माळावरच्या शेळ्या उधळायच्या.

"बेटा, गिअर डालने को बोल्या मैं," नबीसाब म्हणायचे, "ज्वारी पीसने को नै बोल्या."

महिन्याभरात निंगप्पाचा गुडघा निळा झाला आणि हात बसला.

"तू इंजिन पे गाडी नै चलाता," नबीसाब कुरकुरायचे. "मेरी अंगठी पे चलाता. कान दे जरा. इंजिन खुद बोलता, कब बदलना."

निंगप्पाला इंजिन बोललेलं कधी ऐकू आलं नाही. टक मात्र बरोबर कळायची.

आणि एक गोष्ट नबीसाबनी शिकवलीच नाही.

उतार.

त्या ओढ्यात रस्ता दोन्ही बाजूंनी एकदम खाली उतरतो. तळाला दगडी फरशी, आणि फरशीच्या तोंडाशीच वळण. तिथं आलं की नबीसाब गाडी थांबवायला लावायचे आणि स्वतः स्टिअरिंगच्या चाकामागं बसायचे.

"उतार सबसे आखिर में," म्हणायचे.

यात त्यांचाही हिशेब होताच. जोवर उतार शिकवला नाही, तोवर सीट पक्की.

पण चाक हातात घेतलं की ते हळूच विचारायचे, "सामने क्या है, बेटा?"

"बैलगाडी हाय चाचा. लांब हाय."

"अब?"

"गेली."

नबीसाबच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. कान त्यांचे आणि डोळे निंगप्पाचे. दोघं मिळून एक ड्रायव्हर होते.

हे त्या दोघांनाच ठाऊक होतं.

मग एकदा जेवताना मामांनी निंगप्पाला विचारलं, "काय तम्मा, जमतंय का? का अजून म्हातारा लागतोय?"

निंगप्पाच्या मनात पाप नव्हतं. फुशारकी होती. सोळाव्या वर्षी दोन्हींत फारसं अंतर नसतं.

"मीच लागतोय त्यास्नी! पुढं काय हाय ते मी सांगतो, तवा ते चालवत्यात. त्यास्नी दिसतंय कुटं?"

मामांचा घास हातातच राहिला. मग ते हसले.

"बसव्वा, पोराला तूप वाढ की."

मामीनं वाढलं. त्या घरात त्याच्या ताटात पहिल्यांदाच तुपाची दुसरी धार पडली.

ते तूप लक्षात ठेवा.

पुढच्याच खेपेला अक्कलकोटहून परतताना मामांनी वळसंगला गाडी थांबवली. ऊन असं, की लिंबाखालची सावलीसुद्धा तापलेली. समोरच्या हॉटेलात चार माणसं बसली होती. नबीसाब लिंबाच्या बुंध्याला टेकले.

मामा त्यांच्यापासून दहा पावलांवर जाऊन उभे राहिले.

"नबीसाब, सांगा बघू. किती बोटं?"

नबीसाबनी डोळे बारीक केले.

"दोन," ते म्हणाले.

हॉटेलातली माणसं खो खो हसली.

मामांचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते.

"बसा हितंच. सांजच्या सर्व्हिस मोटारीनं या. तम्मा, तू चल."

नबीसाब भांडले नाहीत. मामांच्या आवाजाच्या दिशेला तोंड करून एवढंच म्हणाले, "मालक, उतार शिकवायचा राहिलाय."

"उतारात काय शिकवायचं? गाडी आपोआप उतरती!"

निंगप्पा काहीतरी बोलू शकला असता.

तो गाडीत बसला.

मामा मागच्या सीटवर, नेहमीसारखे ऐसपैस. डाव्या बाजूची सीट रिकामी. दोन मैलांवर ओढा आला.

गाडीचं नाक खाली झुकलं, आणि गाडी सुटली.

निंगप्पानं ब्रेक दाबला. गाडीनं जुमानलं नाही. मामा मागून ओरडले. पायाखाली काय कुठं आहे, तेच निंगप्पाला आठवेना...

टक.

डाव्या गुडघ्यावर. वाटीच्या अगदी मधोमध.

पाय आपोआप दाबला गेला. गिअर मधे आला. पाय सुटला. इंजिन गुरगुरलं...

टक.

पाय पुन्हा दाबला गेला. गिअर अलगद बसला. गाडी इंजिनाच्या ताब्यात आली आणि हळूहळू उतरू लागली. वळणापलीकडं फरशीवर मेंढरांचा अख्खा कळप उभा होता. गाडी त्याच्या चार हात अलीकडं थांबली.

निंगप्पानं डावीकडं पाहिलं.

सीटवर कुणी नव्हतं.

पण गादी... मधोमध दबलेली होती.

"बघ!" मामा मागून म्हणाले. "उतरली का न्हाय आपोआप?"

सांजच्या सर्व्हिस मोटारीनं नबीसाब आले.

आडवे.

सोबत वळसंगचा हॉटेलवाला होता. "तुमची मोटार हलली," तो सांगत होता, "आन् म्हाताऱ्यानं मान टाकली. मी पाणी घेऊन धावलो तर काय न्हाय. संपलं हुतं."

मोटार हलली, तेव्हा मान टाकली.

ओढा त्याच्यापुढं दोन मैल...

निंगप्पा त्या रात्री जेवला नाही. मामांनी कफनाला दुकानातलं कापड धाडलं. डाग लागून पडून राहिलेला तागा होता, तोच.

त्यानंतर प्रत्येक खेपेला उतारावर टक व्हायची. सपाट रस्त्यावर नाही. चढावर नाही. फक्त उतारावर. शिकवायचं तेवढंच राहिलं होतं ना.

घरी येऊन विजार वर करून पाहिलं की गुडघ्यावर डाग असायचा. दर वेळी ताजा.

शेवटी तो चांदबीकडं गेला, नबीसाबच्या बायकोकडं. तिला सगळं सांगितलं. तूप सोडून.

चांदबीनं गळ्यातला काळा दोरा ओढून बाहेर काढला. दोऱ्यात ती अंगठी होती.

"अंगठी तो मेरे पास है, बेटा. उसी दिन से."

निंगप्पाचा हात गुडघ्यावर गेला.

"दुखता क्या?" तिनं विचारलं.

"लई दुखतं, चाची."

"तो फिर उनोच हैं. हाथ हल्का नै था उनका."

ती हसली नाही. दोरा परत आत टाकत तिनं एकच विचारलं, "उनकी सीट किसी को दिये तो नै ना?"

नव्हती दिली. मामांना मागं ऐसपैस बसायची सवय होती, म्हणून वर्षभर ती सीट राहिली. कुणी मोठ्या मनानं राखली म्हणून नव्हे.

पुढच्या वैशाखात लगीनसराईचा माल निघाला. मागच्या सीटवर टपापर्यंत गठ्ठे चढले. मामा डावीकडचं दार उघडून उभे राहिले.

"मामा, तितं नका बसू."

"का? कुणाचं नाव लिवलंय का?"

"तुमीच दिली हुती की. नबीसाबना."

"मरेपर्यंत म्हनलो हुतो." मामांनी दार लावून घेतलं. "मेला की तो. चल, मुकाट हाक."

वाटेत मामा बोलत होते. निंगप्पाचं ध्यान गुडघ्याकडं.

दुपारचे बारा. ओढा आला.

गाडी झुकली.

निंगप्पा वाट बघत राहिला...

काही नाही.

गाडी सुटली. इंजिन किंचाळायला लागलं. काका सांगत, त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा इंजिन बोललेलं ऐकू आलं. पण ते काय म्हणतंय, तेच कळेना.

टक आली नाही.

अजून आली नाही...

वळण आलं.

गाडी फरशीवरून घसरून ओढ्यात उलटली. मामा बाहेर फेकले गेले आणि पडले ते आपल्याच कापडाच्या गठ्ठ्यांवर. निंगप्पा आत राहिला. डावा पाय चेपला होता. आधी पायाची आग झाली, मग पाय असल्याचंच कळेनासं झालं.

धूळ खाली बसली. सगळं गप्प.

मग वरून, उतारावरून... पावलं ऐकू आली.

जुन्या वहाणांची. सावकाश. गाडीतून खाली उतरवलेला माणूस मागून चालत आला, तर कसा येईल, तशी.

पावलं गाडीपाशी येऊन थांबली. उलट्या गाडीतून निंगप्पाला रस्ता दिसत होता. रस्त्यावर कुणी नव्हतं.

टक.

बधिर पायावर. गुडघ्याच्या मधोमध.

फार उशिरा.

दवाखान्यात त्याचा डावा पाय मांडीपासून काढला.

काका सत्तरीपर्यंत जगले. चाकाला पुन्हा कधी हात लावला नाही. बाकावर बसले तरी डावीकडं एका माणसाची जागा सोडून बसायचे. लहानपणी मी एकदा तिथं टेकलो, तर म्हणाले, "ऊठ रं. ती माझी न्हाय, तुला कशी देऊ?"

मला तेव्हा ते म्हातारपणाचं खूळ वाटलं.

मग एकदा आम्ही दोघं एस.टी.नं अक्कलकोटला निघालो. मी मुद्दाम काकांच्या पलीकडच्या रांगेत बसलो. त्यांच्या डावीकडची जागा रिकामी. विजारीचा डावा पाय सीटवरून नुसता लोंबत होता, आत काही नसलेला. वळसंगच्या अलीकडं गाडी उताराला लागली.

काकांनी डोळे मिटले.

मी त्या रिकाम्या कापडाकडं बघत होतो. गुडघा असता, त्या जागी कापड... आत दबलं.

एकदा.

मग जरा थांबून, पुन्हा एकदा.

"दुखतं?" मी विचारलं.

"लई," काका म्हणाले.

वारा असेल. खिडकी बंद होती, पण असेल कुठून तरी आलेला. मी अजून त्या रस्त्यानं दुपारचा जात नाही.

कुणी काय भरलं ते सांगतो आणि थांबतो. नबीसाबनी जीव भरला. चांदबीनं नवरा. निंगप्पाकाकांनी पाय, तोही तुपाच्या एका धारेसाठी, आणि तो भरूनही अजून फिटलेलं नव्हतं.

रुद्रप्पामामांनी गाडीची पुढची काच बदलली.