किटलीला लाल मोजा

लाल मोजा कुणाचा घ्यायचा, यावरून सकाळी सकाळी भांडण जुंपलं.

"माझाच का? नेहमी माझंच का?" पिल्लू पाय आपटत ओरडली.

"कारण लाल मोजा तुझ्याकडेच आहे! आणि देशासाठी एक मोजा दिलास तर काही बिघडत नाही," कॅप्टन म्हणाली.

मावशीकडे सुट्टीला आल्यापासून या तिघांच्या डोक्यात 'जाग' शिवाय दुसरं काही नव्हतं. 'जाग' ही टीव्हीवरची हेरांची मालिका. त्यातले हेर वर्षानुवर्षं साधी माणसं म्हणून गल्लीबोळांत राहायचे. कुणी शिंपी, कुणी मास्तर. मग एके दिवशी समोरच्या खिडकीत उलटी किटली दिसायची आणि तिच्या तोटीवर लाल मोजा चढवलेला असायचा. तो दिसला की हेर 'जागा' व्हायचा आणि बसस्टँडवर जाऊन पुढच्या हुकमाची वाट बघायचा. मग काय, ढिशुम ढिशुम!

कॅप्टन होती तेरा वर्षांची, म्हणजे आपोआप पुढारी. तिचा मावसभाऊ चष्मिश एक वर्षाने लहान, पण शंका काढण्यात सगळ्यांचा आजोबा. पिल्लू कॅप्टनची सख्खी धाकटी बहीण. तिला प्रश्न पडले की ते तोंडातून बाहेर आलेच पाहिजेत, मग समोर कुणी का असेना.

"आपल्या गल्लीत हेर असण्याची शक्यता लाखात एक," चष्मिश म्हणाला.

"मग तो एकच जागा करू!" कॅप्टनने मोजा ओढून घेतला, मावशीची चहाची किटली उलटी करून खिडकीत ठेवली आणि तोटीवर मोजा चढवला. दिवसभर तिघं पडद्याआडून बघत बसले. खाली पेपरवाला आला, गेला. एक मांजर येऊन गेलं. हेर मात्र कुणी जागा झाला नाही. संध्याकाळी मावशी दवाखान्यातून ड्यूटी करून आली. आपल्या किटलीची ही दशा बघून तिने तिघांची अशी काही हजेरी घेतली, की खेळ तिथेच संपला.

पण दुसऱ्या दिवशी मावशीच खिडकीत उभी राहून म्हणाली, "अगंबाई! किल्लीवाल्याचं दुकान बंद कसं?"

समोरच्या इमारतीत जिन्याखाली एक चिंचोळं दुकान होतं. म्हातारबुवा तिथे कानशीने किल्ल्या घासत बसायचे आणि मागच्या फळीवर झोपायचे. मुलं त्यांना किल्लीआजोबा म्हणायची. पुढ्यात गल्लीतल्या सगळ्या कुलपांच्या किल्ल्या टांगलेल्या असायच्या. स्वतःच्या गळ्यात मात्र सुतळीत ओवलेली एकच जुनी किल्ली.

"ताप असला तरी दुकान उघडतो हा माणूस," मावशी म्हणाली. "कुठे गेला असेल? ना बायको, ना पोरं, ना कुणी भाऊबंद." एवढं बोलून ती पर्स उचलून ड्यूटीला गेली. मोठी माणसं असंच करतात. प्रश्न विचारतात आणि उत्तराची वाट न बघता निघून जातात.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

"सगळ्यांच्या घरच्या किल्ल्या त्याच्याकडे!" कॅप्टन पुटपुटली.

"बसस्टँड!" चष्मिश ओरडला आणि चपला घालायला धावला.

बसस्टँडच्या टोकाच्या बाकावर खरोखरच किल्लीआजोबा बसले होते! गुळगुळीत दाढी, केसांना तेल, अंगात कुठल्या तरी जुन्या काळचा कोट. तोही आता दोन्ही खांद्यांवर सैल झालेला. पायाशी पत्र्याची छोटी पेटी. त्यांनी संत्रं काढलं, साल कुठेही तुटू न देता सोललं आणि पुन्हा फळाभोवती तसंच मिटवलं. वरून बघितलं तर अख्खं संत्रं! ते त्यांनी बाकावर शेजारी ठेवलं आणि येणाऱ्या प्रत्येक बसकडे बघू लागले.

"मालिकेत संत्रं नाहीये," चष्मिश कुजबुजला.

"म्हणजेच हा खरा हेर!" कॅप्टनच्या अंगावर काटा आला. "आता तो काही तरी उडवणार!"

पण त्यांनी काहीच उडवलं नाही. अंधार पडेपर्यंत ते बसून राहिले, मग पेटी उचलून दुकानात परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिथेच, नवं संत्रं घेऊन. वारा सुटला होता. आजोबांना खोकल्याची उबळ येत होती, तरी ते जागचे हलत नव्हते. असला हेर मुलांनी कधी पाहिला नव्हता. तो लबाड वाटेना, तो नुसताच दमलेला वाटत होता.

आणि मग व्हायचं तेच झालं. पिल्लू लपायच्या जागेतून सरळ उठली आणि बाकापाशी जाऊन उभी राहिली. "आजोबा, ती किटली ना, आम्ही ठेवली होती."

कॅप्टनने कपाळावर हात मारला. संपलं!

आजोबा झटक्यात उभे राहिले. डोळ्यांत पाणी आलं, आणि चेहऱ्यावर असं हसू आलं की बघवेना.

"तुम्हाला पाठवलंय होय? आता मुलांना पाठवतात वाटतं! हुशार आहेत साहेब." त्यांनी घाईघाईने कोटाची बटणं लावली. "साहेबांना सांगा, मी एकदाही जागा सोडली नाही. शत्रू शहरात शिरला तर मागे राहून बातम्या पाठवायच्या, असा हुकूम होता. तोवर किल्ल्या करायच्या, खरं नाव कुणाला सांगायचं नाही, घरी कळवायचं नाही. सगळं पाळलं. लग्नसुद्धा केलं नाही पोरांनो, खोट्या नावाने कसं करणार?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "आता विचारा ना त्यांना, मी घरी जाऊ का?"

खेळ होता हो, खेळ! पण हे त्या तोंडाकडे बघून सांगणार कोण?

"साहेबांना... विचारून सांगतो," कॅप्टन कशीबशी म्हणाली.

"लवकर विचारा बरं. मी इथेच आहे."

परत येताना कॅप्टन रडत होती. ती रडते हे चष्मिशला आजच कळलं.

"खरं सांगून टाकू या," ती म्हणाली.

"सांगितलं तर ते दुकानात जाऊन पुन्हा वाट बघत बसतील. मरेपर्यंत." चष्मिशने चष्मा पुसला. "त्यांना सोडवायचं तर ज्याने बसवलं त्यानेच सोडवायला हवं. तो साहेब शोधायचा."

पोलीस चौकीतल्या फौजदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि पोट धरून हसले. "हेर! आणि किल्लीवाला! जा, पुढचा भाग बघा, त्यात पकडतील त्याला!" मावशी म्हणाली, "त्या टीव्हीची वायरच कापते मी आता." कुणाला म्हणून खरं वाटलं नाही.

"पण मालिकेत ही खूण आली कुठून?" पिल्लूने विचारलं.

दोघं तिच्याकडे बघतच राहिले. एवढा साधा प्रश्न, आणि कुणाच्या डोक्यातच आला नव्हता!

दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून तिघं टीव्हीच्या स्टुडिओवर पोचले. तिथला पहारेकरी म्हणजे दगडाची भिंत. "'जाग'च्या लेखिकाबाईंना भेटायचंय? रोज छप्पन्न पोरं येतात. चला, फुटा!"

कॅप्टनने ओळखलं, इथे आरडाओरडा करून उपयोग नाही. ती एकदम गरीब गाय झाली. "बरं काका, नाही भेटत. एवढं संत्रं तेवढं त्यांना द्याल? आवडतं त्यांना."

पहारेकऱ्याने अख्खं दिसणारं ते संत्रं उलटसुलट केलं. त्यात बॉम्ब नव्हता, चिठ्ठी नव्हती. संत्र्याला कोण अडवणार? ते आत गेलं. सकाळपासून तीन संत्र्यांचा चुथडा केल्यावर चष्मिशला आजोबांसारखं सोललेलं ते एक जमलं होतं.

थोड्याच वेळात केस विस्कटलेली, पायात चप्पल नसलेली एक बाई धावत फाटकाशी आली. तिच्या हातात ते एकसंध साल होतं.

"हे कुणी सोललं? असं फक्त माझे बाबा सोलायचे! हे मी कुठे लिहिलेलं नाही. कुणाला सांगितलेलंसुद्धा नाही!"

"तुमचे बाबा कुठे आहेत?" पिल्लूने विचारलं.

"गेले गं. मागेच गेले."

कॅप्टन पुढे झाली. तिने सगळं सांगितलं. लेखिकाबाई ऐकता ऐकता तिथेच फाटकाच्या कट्ट्यावर बसल्या.

"ते सरकारी कचेरीत साधे कारकून आहेत, असंच आम्हाला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "शेवटी शेवटी त्यांना काही आठवेना. मला ओळखायचे नाहीत. पण रोज उठून किटली उलटी करून खिडकीत ठेवायचे, वर लाल मोजा घालायचे आणि म्हणायचे, 'पोरगा बाहेर बसस्टँडवर ताटकळलाय, त्याला घरी पाठवा.' आम्हाला वाटायचं, भ्रम झालाय. मीच ती किटली उचलून ठेवायची. कधीकधी त्यांच्यावर रागावायचीसुद्धा. आणि मग ते गेल्यावर..." त्यांनी तोंडावर पदर दाबला. "मालिकेत घातली. गंमत म्हणून!"

ज्याने बसवलं त्यानेच उठवायचं, तिसऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही, अशी त्या कामाची रीत. संत्र्याचं साल ही त्या दोघांतलीच ओळखीची खूण. साहेब विसरले तेव्हा त्यांच्याबरोबर एक अख्खा माणूस विसरला गेला.

बसस्टँडवर आजोबा तापाने फणफणले होते, तरी ताठ बसले होते. लेखिकाबाई जवळ गेल्या. आजोबांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "साहेबांचं नाक आहे तुम्हाला."

"त्यांची मुलगी मी. बाबांचा निरोप आहे. काम झालं, घरी जा."

"साहेब का नाही आले?"

"ते गेले. पण जाईपर्यंत तुमचंच नाव काढत होते. आम्हालाच कळलं नाही हो, आम्हालाच कळलं नाही!"

आजोबांनी लेखिकाबाईंच्या डोक्यावर हात ठेवला. मग त्यांनी विचारलं, "माझा उपयोग झाला का?"

कॅप्टनला वाटलं, बाईंनी खोटं बोलावं. पण त्या खोटं बोलल्या नाहीत. "लढाई इथपर्यंत आलीच नाही. गरज पडली नाही."

"पडली नाही," आजोबा म्हणाले. "बरं झालं. लढाई वाईटच." त्यांनी गळ्यातली किल्ली चाचपली. "आईला आठवड्यात येतो म्हणालो होतो."

ताप उतरेपर्यंत मावशीने त्यांना दवाखान्यात ठेवून घेतलं आणि या वेळी ती मुलांना एका शब्दानेही रागावली नाही. मग लेखिकाबाईंच्या गाडीतून सगळे आजोबांच्या घरी गेले.

पण घर नव्हतंच. तिथून रुंद रस्ता गेला होता, आणि घराच्या जागी ट्रक धावत होते. आजोबा हातात किल्ली घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिले.

पलीकडच्या ओसरीवरून एका म्हातारीने विचारलं, "कोण पाहिजे?"

आजोबांनी आपलं खरं नाव सांगितलं. इतक्या वर्षांत ते त्यांनी उच्चारलंच नव्हतं. ते जिभेवर नीट बसेना, दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

म्हातारी उठून पुढे आली. "तू? अरे, कुठे होतास मेल्या! तुझी आई शेवटपर्यंत दाराला कडीकुलूप लावत नव्हती. आम्ही म्हणायचो, चोर शिरतील. तर म्हणायची, 'पोरगं धांदरट आहे, किल्ली हरवली असेल त्याने. रात्रीअपरात्री आलं तर बाहेर ताटकळेल.'"

आजोबांनी हातातल्या किल्लीकडे पाहिलं. "हरवली नव्हती गं आई," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले. पिल्लू त्यांचा कोट घट्ट धरून उभी राहिली. तिला एकही प्रश्न सुचला नाही.

परतल्यावर फौजदार स्वतः गल्लीत आले. आजोबांना त्यांनी कडक सलाम ठोकला, मुलांच्या पाठी थोपटल्या. "शाबास! आम्ही हसलो, चूक झाली. एवढ्याशा पोरांनी अख्ख्या सरकारला जमलं नाही ते केलं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाला. फोटोत तिघांपैकी कुणीच हसत नाही.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी आजोबांनी दुकान उघडलं. पुन्हा कानशीचा आवाज सुरू झाला. तिघं मावशीला घेऊन खाली उतरले, आणि पिल्लूने त्यांच्या पुढ्यात एक किल्ली ठेवली.

"आमच्या घराची. मावशी म्हणाली, तुम्ही दुकानात झोपायचं नाही. माडीवरची खोली रिकामीच आहे."

आजोबांनी किल्ली डोळ्यांजवळ नेली. "ही मीच केलेली. तिसरा दात बोथट राहिलाय. कुलपात अडकत असेल."

"अडकते की!" मावशी म्हणाली. "म्हणून तर मी कडीकुलूप लावायचं सोडून दिलंय."

आजोबांनी मावशीकडे बघितलं. मग त्यांनी गळ्यातली सुतळी सोडली आणि जुन्या किल्लीच्या शेजारी ती नवी किल्ली ओवली. दात त्यांनी नीट केला नाही.